तेराशे बारा मोबाईल आणि एक टिंब

सुमती हटवारला काहीतरी झालंय हे गल्लीला आधी कळलं, सुमतीला नंतर. बाई भाजीच्या हातगाडीसमोर उभी राहून "कंस उघडा, उलटी रेघ, डी, अधिक, कंस बंद" असं पुटपुटायची. हातात मेथीची जुडी असायची आणि घरी जायची ती वांगी घेऊन. नागपूरच्या हुडकेश्वर भागातल्या त्या गल्लीत दोन अंगणांमध्ये रीतसर बैठक झाली. निदान ठरलं थायरॉईड. एकोणपन्नासाव्या वर्षी होतंच बायकांना. शिवाय दोन वर्षांपासून घरात बसलेली, डोक्याला काम नाही.

डोक्याला काम होतं, आणि चांगलंच होतं. सुमती प्रोग्रामिंग शिकत होती. पण हे कारण गल्लीत कुणी सांगितलं असतं तरी कुणी मानलं नसतं. थायरॉईड कसं, पटण्यासारखं आहे.

आता सुमती कोण, तर पुस्तिकेवाली सुमती. समाजाचा उपवर-वधू परिचय मेळावा दर डिसेंबरात भरतो, आणि त्या दिवशी प्रत्येक घराच्या हातात एक जाडजूड पुस्तिका असते. मुलगा मंचावर येतो तो नावानं येत नाही, क्रमांकानं येतो. "चारशे अठरा!" असा पुकारा झाला की अख्ख्या सभागृहात पानं फडफडतात, पेन्सिली बाहेर निघतात आणि आया चष्मे पुसतात. त्या पुस्तिकेतली ओळ न् ओळ सुमतीनं बावीस वर्षं टाइप केली, महाल भागातल्या धोंडबांच्या टायपिंगच्या दुकानात बसून. कुणाचा मंगळ एका वर्षी कडक होता आणि पुढच्या वर्षी सौम्य झाला, कुणाची उंची तीन मेळाव्यांत दोन इंचांनी वाढली आणि वय एका वर्षानं घटलं, सगळं तिला पाठ. पण बाई पोटातलं ओठावर आणायची नाही. गल्लीचा तिच्यावरचा खरा राग हाच.

धोंडबांच्या दुकानाचे दोन कायदे होते. पहिला, ओळ झाली की सेव्ह करायचं, कारण तेव्हा लाईट कधी जाईल याचा भरवसा नव्हता. दुसरा, एका कामाची एकच फाईल, एकच नाव. 'नवीन', 'नवीन दोन', 'शेवटची', 'खरी शेवटची' असली पिलावळ चालायची नाही. एका वर्षी जुनी फाईल छापायला गेली होती, आणि लग्न होऊन सहा महिने झालेला जावई पुन्हा उपवर म्हणून छापून आला. त्याचा सासरा पुस्तिका घेऊन दुकानात आला तेव्हा धोंडबा मागच्या दारानं निघून गेले, आणि समोर उभं राहून सगळं ऐकून घेतलं ते सुमतीनं. तेव्हापासून तो कायदा तिच्या हाडात मुरला होता.

दुकान बंद पडलं. मेळावा भरवणाऱ्या समाज मंडळानं पुस्तिकेचं काम मात्र तिच्याकडेच ठेवलं, घरून करायला. वर्षातले दीड महिने ती परत पुस्तिकेवाली व्हायची, उरलेले साडेदहा महिने मार्तंडची बायको. मार्तंड नवरा म्हणून चांगला आहे, कारकून माणूस, फारसं बोलत नाही. पण तुम्ही सांगा, बावीस वर्षं स्वतःच्या नावानं ओळखल्या गेलेल्या बाईला ते पुरतं का?

म्हणून तिनं दसऱ्याला लॅपटॉपला हळदकुंकू लावलं आणि समोरच्या घरच्या गुंजनला गाठलं. गुंजन ही त्या घरची सून, एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरूनच करते. दुपारी दीड ते सव्वादोन तिची जेवणाची सुट्टी. त्या पाऊण तासात दोघी सुमतीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायच्या. दिवाळीपर्यंत सुमतीला स्वतःचं नाव दहा वेळा छापणारा प्रोग्राम यायला लागला होता. मार्तंडनं तो पाहिला आणि विचारलं, "एकदा छापून समजत नाही काय वं, तू कोण हाय ते?"

नोव्हेंबरात मंडळाचे अध्यक्ष रुपराव यांना आधुनिक व्हायचा झटका आला. रुपरावांचं बियाण्यांचं दुकान आहे, आवाज मोठा, मन तसं वाईट नाही. त्यांनी जाहीर केलं, यंदा बायोडाटा ऑनलाईन फॉर्मवर. ज्यानं त्यानं मोबाईलवर भरायचा, मंडळानं थेट छापायला द्यायचा. टाइप करायचं कामच नाही. ही बातमी सुमतीला दुसऱ्याच बाईकडून कळली. त्या रात्रीच्या आमटीत मीठ नव्हतं. मार्तंडनं मुकाट्यानं वरून घेतलं.

फॉर्म बंद झाला, तेराशे बारा बायोडाटा आले, आणि मंडळानं तो तक्ता उघडून पाहिला. जन्मवेळेच्या खणात कुणी लिहिलं होतं 8.15, कुणी ८-१५, कुणी 'सव्वा आठ', तर एकानं 'गाई घरी येतात तेव्हा'. उंचीच्या खणात एका मुलीच्या आजोबांनी भरलं होतं, 'वडिलांच्या खांद्याइतकी'. छापखान्यानं हात जोडले. असं छापलं तर पत्रिका जुळवणारे गुरुजी मोर्चा आणतील, म्हणाले.

गुरुवारी रुपराव स्वतः सुमतीच्या दारात.

"ताई, पुढच्या शुक्रवारी चार वाजेपर्यंत फाईल छापखान्यात पायजे. सगळं एकसारखं. जमन काय?"

"दीड महिन्याचं काम हाय भाऊ ते. आठ दिवसांत?"

"तेच म्हणतो. नाही जमत असन तं आत्ताच सांगा. त्या अंकितची डाटा एन्ट्रीची एजन्सी तयारच हाय. मंग एकदा त्यायच्याकडं गेलं का दरसाली त्यायच्याकडंच जाईन, हे बी सांगून ठेवतो. माया हातात काही राहणार नाही."

"जमन," सुमती म्हणाली. कसं, ते तिलाही माहीत नव्हतं.

पहिले तीन दिवस ती फोनवरच होती. जिथं वेळ आकड्यात नव्हती अशी दोनशे बारा घरं निघाली. त्या प्रत्येक घरी फोन करून, आजी-आजोबांना बोलतं करून, "तेव्हा रेडिओवर काय चालू होतं?" असं विचारत विचारत तिनं वेळ काढून घेतली. आणि सगळा तक्ता तिनं आपल्या सवयीप्रमाणे एका सलग फाईलमध्ये घेतला, एका उमेदवाराची एक ओळ, तिच्यातच 'जन्मवेळ', 'मोबाईल' असे शब्द, जसं ती बावीस वर्षं करत आली. आता उरल्या हजारावर ओळी, ज्यांत वेळ आकड्यातच होती, पण कुठं मध्ये टिंब, कुठं आडवी रेघ. त्या सगळ्या 8:15 अशा करायच्या होत्या.

सोमवारी दुपारी गुंजन पोळीचा घास हातात घेऊनच आली.

"काकू, शोधा-बदला तं येते नं तुमाले?"

"बावीस वर्षं तेच केलं बाई."

"ते एका ठरलेल्या शब्दाचं. आता शब्द नाही सांगाचा, तो कसा दिसते ते सांगाचं. समजा, कितीही आकडे, मंग मधात काहीतरी, मंग दोन आकडे. याले पॅटर्न म्हणते. असं जे जे दिसन ते प्रोग्राम पकडते अन् बदलते."

सुमतीनं मान डोलावली. "म्हणजे बायोडाटातल्या अपेक्षेसारखं. नाव नाही सांगत, कशी पायजे ते सांगतो. गोरी, नोकरीवाली, नागपूरचीच."

गुंजनला ठसका लागला. "काकू, कंपनीत मले समजाले दोन महिने लागले होते हे."

उलटी रेघ आणि डी लिहिलं की कोणताही आकडा, मराठी ८ असो की इंग्रजी 8, दोघांना सारखाच मान. त्यापुढे अधिकचं चिन्ह म्हणजे एक तरी हवा, जास्त असले तरी चालतील. कंसात टाकलं की तो तुकडा जपून ठेवला जातो आणि बदलताना परत मागता येतो. सुमती भराभर वहीत लिहून घेत होती. मधल्या टिंबाबद्दल गुंजन सांगणारच होती, तेवढ्यात तिच्या साहेबाचा फोन आला आणि ती खरकट्या हातानं पळाली.

सुमतीनं दोन दिवस त्या चिन्हांची घोकंपट्टी केली, हातगाडीसमोरची मेथी-वांगी तेव्हाचीच. मग बुधवारी सकाळी तिनं आपला आयुष्यातला पहिला पॅटर्न लिहिला:

(\d+).(\d\d)

वेळेत टिंब असतं, म्हणून तिनं मध्ये टिंब दिलं. सरळ हिशेब. पाच जन्मवेळा कच्च्या कागदासारख्या वेगळ्या फाईलवर घेऊन चालवून पाहिल्या. 8.15 चं 8:15 झालं, 10-35 चं सुद्धा 10:35 झालं. आडवी रेघ पण बदलली! हे कसं झालं असा प्रश्न तिला पडायला हवा होता. तिला मात्र आनंद झाला. मग तिनं तोच प्रोग्राम अख्ख्या फाईलवर सोडला, आणि धोंडबांच्या कायद्यानुसार निकाल त्याच फाईलवर, त्याच नावानं लिहायला सांगितला.

अर्ध्या सेकंदात काम झालं. बाईनं चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत सहज म्हणून फाईल खाली-वर केली, आणि गॅस बंद करायचा राहून गेला.

वेळा सगळ्या झकास झाल्या होत्या. पण त्याबरोबर हुडकेश्वरच्या पिनकोडात 440 वाजून 34 मिनिटं झाली होती. 14/08/1997 ला जन्मलेला मुलगा आता 14:08/1:97 ला जन्मला होता. आणि मोबाईल! समजा 9876543210 असा नंबर असेल, तर तिथं आता 9876543:10 होतं. मधला एक आकडा गायब, त्याच्या जागी दोन ठिपके. तेराशे बाराच्या तेराशे बारा.

दीड वाजता गुंजन आली तेव्हा चहाचं भांडं काळं झालेलं होतं आणि सुमती खुर्चीत बसून होती.

गुंजननं पडदा पाहिला, पॅटर्न पाहिला आणि कपाळावर हात मारला. "काकू, पॅटर्नमंधी टिंब म्हणजे टिंब नसते. टिंब म्हणजे कोणीही. अक्षर असो, रेघ असो, आकडा असो, जे भेटन ते एक. त्यानं मोबाईलमधलाच एक आकडा गिळला."

"मंग साधं टिंबच पायजे असन तं?"

"त्याच्या आधी उलटी रेघ द्याची. नाही तं चौकोनी कंसात नावं घालून बोलवाचं, फक्त टिंब अन् फक्त आडवी रेघ. बाकीच्यायले निमंत्रण नाही."

"हे आधी सांगाले काय झालं होतं वं तुले?"

"साहेबाचा फोन आला होता नं काकू!" गुंजनचा चेहरा रडवेला झाला. "जाऊ द्या, रुपरावकाकांचा मूळ तक्ता तं हाय नं? तो नव्यानं घ्या, सुरुवातीपासून करू."

"अन् माये दोनशे बारा फोन? त्या म्हाताऱ्यायले पुन्हा रेडिओ विचारू?"

सव्वादोन वाजले होते, गुंजनला जावं लागलं.

संध्याकाळी पाचला रुपराव 'काम कुठवर आलं' बघायला आले. संकट वेळ विचारून येत नाही, पण रुपराव निदान फोन करून येऊ शकले असते. मार्तंडनं त्यांच्यासमोर सोललेली संत्री ठेवली. रुपरावांनी चष्मा लावला आणि माणूस करतो तेच केलं, आधी स्वतःच्या घरचं नाव शोधलं.

"ताई, आमच्या मयुराच्या नंबरात घड्याळ काहून लावलं?"

त्यांनी पडदा आणखी जवळ ओढला.

"अन् तिचा जन्म एकवीस वाजून... हे काय होय? लोकं मले मंचावरून खाली ओढतीन!"

मार्तंडला वर्षानुवर्षांच्या कारकुनीत एकच मंत्र येत होता, तो त्यानं म्हटला. "सर्व्हर डाऊन होतं भाऊ."

"सर्व्हर-बिर्व्हर काही नाही," सुमती म्हणाली. "मी चुकली. टिंबाचा अर्थ मले माहीत नव्हता, अन् मी त्याच फाईलवर लिवलं."

रुपरावांनी संत्र्याची फोड तोंडापर्यंत नेली आणि परत ठेवली. चूक कबूल करणारा माणूस समोर आला की मोठ्या आवाजाचं काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. "अंकितले मी आजच फोन करतो," ते म्हणाले, पण जरा खालच्या पट्टीत.

"उद्याचा दिवस द्या. शुक्रवारी तीन वाजता या. तुमी सांगसान ते नंबर तुमच्याच मोबाईलवरून लावून पाहा. एक जरी चुकला तं अंकितले मी स्वतः फाईल नेऊन देतो."

रुपराव उठले. जाताना संत्र्याच्या फोडी खिशात घालून गेले, त्यावरून मार्तंडनं अनुमान काढलं की माणूस अगदीच फिरलेला नाही.

गुरुवारी सकाळी सुमतीनं सगळ्यात आधी फाईलची एक वेगळी प्रत केली आणि तिला वेगळं नाव दिलं. हाडात मुरलेल्या धोंडबांच्या कायद्याविरुद्ध हा पहिला गुन्हा. मग ती नुसती बघत बसली. उजव्या बाजूला मूळ तक्ता, ज्यात मोबाईल बरोबर पण वेळा गबाळ. डाव्या बाजूला तिची फाईल, ज्यात वेळा बरोबर पण मोबाईल खलास. दोघांत अर्धं अर्धं खरं. क्रमांकावरून जुळवावं, तर तिथंही घोळ. एक हजार एकशे सत्तेचाळीस क्रमांकाचा मुलगा आता एक वाजून सत्तेचाळीस मिनिटं झालेला होता, आणि एक हजार सत्तेचाळीसवालाही तोच.

पण ओळींचा क्रम? तो तिनं कधीच हलवला नव्हता. क्रम हलवायचा नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मेळाव्यात पुकारा क्रमानं होतो, म्हणून तिचा हात तिथं कधी जातच नसे.

दीड वाजता तिनं गुंजनला विचारलं, "दोन याद्या शेजारी-शेजारी ठेवून एकेक जोडी काढता येते काय? इकडली पहिली, तिकडली पहिली. इकडली दुसरी, तिकडली दुसरी."

"येते नं! स्वेटरच्या चेनसारखं, दोन्हीकडचे दात एकमेकांत." गुंजन खुर्चीवर सरसावली. "पण काकू, मी नाही लिहिणार. तुमी लिहा. मी फक्त बघतो."

सुमतीनं लिहिलं. चार वेळा काहीतरी चुकलं आणि पडद्यावर लाल अक्षरांत शिव्या आल्या. पाचव्यांदा चाललं. या वेळी तिनं आधी फक्त वीस ओळी घेतल्या आणि त्यात भाच्याचं, हर्षितचं नाव शोधलं, कारण त्याचा नंबर तिला तोंडपाठ होता. हर्षितसमोर भलताच नंबर होता. तिनं तो मूळ तक्त्यात शोधला, तर तो निघाला त्याच्या वरच्या ओळीतल्या कन्हान गावच्या मुलीचा.

"बाप्पा!" गुंजन म्हणाली. "छापून आलं असतं तं हर्षितचे फोन तिच्या बापानं उचलले असते."

गुंजन हसत सुटली, पण सुमती हसली नाही. ती बोटानं ओळी मोजत होती. "तक्त्याच्या वरती खणांच्या नावाची ओळ हाय. 'नाव, जन्मतारीख, मोबाईल'. माया फाईलमंधी ती नाही. म्हणून सगळे एकेक घर खाली सरकले." तिनं पहिली ओळ सोडून द्यायला सांगितली. पुन्हा वीस ओळी. हर्षित घरी आला.

मग तिनं क्रमांक, तारीख, पिनकोड आणि मोबाईल, या चार जागा मूळ तक्त्यातून उचलल्या, बाकी सगळं आपलं ठेवलं. आणि वेळेचा पॅटर्नही पुन्हा लिहून ठेवला, पुढल्या वेळेसाठी: 'जन्मवेळ' या शब्दानंतरच बघ, आणि मध्ये टिंब किंवा आडवी रेघ असेल तरच हात लाव. तेराशे बारा ओळी झाल्यावर तिनं आणखी एक छोटा प्रोग्राम लिहिला, कुणी न सांगता. ज्या मोबाईलमध्ये दहापेक्षा कमी किंवा जास्त आकडे असतील, त्यांची यादी दाखव. यादीत तीन नंबर आले. ते घरच्यांनीच फॉर्ममध्ये चुकीचे भरले होते. सुमतीनं तक्त्यातल्या दुसऱ्या खणातले पालकांचे नंबर बघून फोन केले आणि तेही दुरुस्त करून टाकले.

शुक्रवारी तीनला रुपराव आले, आणि बरोबर एजन्सीवाला अंकितही. गल्लीतल्या तीन बायकांना त्याच वेळी आपापल्या फाटकावर काम निघालं.

रुपरावांनी डोळे मिटून पडद्यावर बोट ठेवलं. एक हजार एकशे सत्तेचाळीस, कामठी. नंबर लावला, आवाज मोठा ठेवला.

"हॅलो, मी रुपराव बोलतो, समाज मंडळाकडून. तुमच्या मुलाच्या बायोडाटाबद्दल..."

"अरे वा वा! बोला बोला!" पलीकडच्या माणसाला कंठ फुटला. "मुलगी कुठली हाय?"

"नाही, मुलगी नाही, मी फक्त..."

"शिक्षण काय झालं तिचं?"

"अगा भाऊ, मी नंबर चेक करून राहिलो!"

"करा नं, खुशाल चेक करा! आमच्या घरचं लपवण्यासारखं काही नाही. रविवारी या, पोहे खायले. मुलीले बी घेऊन या."

रुपरावांनी घाम पुसला. आणखी सात नंबर लावले. सातही बरोबर, आणि त्यातल्या तिघांनी मुलीचं शिक्षण विचारलं. शेवटी त्यांनी मयुराची ओळ शोधली, जन्मतारीख, वेळ, नंबर, तिन्ही ओठ हलवत वाचली आणि चष्मा काढला.

अंकित मात्र पडद्याकडेच बघत होता. "काकू, हे दहा आकड्यांचं कसं शोधलं तुमी? आमच्याकडं पोरं एकेक नंबर डोळ्यानं बघते."

"ये दुपारी दीडला," सुमती म्हणाली. "गुंजन असते तवा. पोळी घरून आणजो."

साडेतीनला फाईल छापखान्यात गेली. दारात चपला घालता घालता रुपराव थांबले. "ताई, पुढच्या सालचा फॉर्मच तुमी बनवा. म्हणजे आधीपासून सगळं सरळ येईन."

"बनवतो. पण जन्मवेळेच्या खणात मी आकड्याशिवाय दुसरं काही लिहूच देणार नाही. चालन?"

"अन् ज्याले वेळच माहीत नाही त्यानं?"

"त्यानं फोन करावा मले. माया नंबर छापा फॉर्मवर. नावानिशी."

रुपरावांनी मान डोलावली. मोटारसायकल गल्लीच्या तोंडाशी वळली, फाटकांवरचं काम आपोआप संपलं, आणि सुमतीनं लॅपटॉप पुन्हा उघडला. फॉर्मच्या खणात फक्त वेळच बसेल असा पॅटर्न लिहायला घेतला. पहिल्या फटक्यात चुकला, लाल अक्षरं आली. पूर्वी ती लाल दिसलं की झटकन बंद करायची. आता तिनं चष्मा सारखा केला आणि पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचायला लागली.